वाढविलेले इंजिन, चालकाचा पाय आणि ट्रॅक्टरचा क्लच

उसाचा गळीत हंगाम ऐन भरात आला म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते. तिच्या चाकांना दगड लावलेले असतात. तिला ओढणारा ट्रॅक्टर मात्र जागेवर नसतो. तो दुसऱ्या ट्रॅक्टराला बांधून गॅरेजात नेलेला असतो, आणि तेथे मधोमध उघडून त्याचे इंजिन एकीकडे व गिअरपेटी एकीकडे अशी ठेवलेली असते. विचारपूस केल्यास एकच उत्तर मिळते, ‘क्लच गेला.’

क्लचप्लेट ही वस्तू तशी फार महाग नव्हे. परंतु ती बदलावयाची तर सगळा ट्रॅक्टर उघडावा लागतो, आणि हंगामात मिस्त्रीकडेही रांग असते. दरम्यान ट्रॉलीतील ऊस वाळत राहतो. तोडलेला ऊस शक्य तो चोवीस तासांच्या आत गाळला जावा. त्यापुढे त्याचे वजन व त्यातील साखर दोन्ही घटत जातात. ऊसतोड टोळी बसून राहते, वाहतुकीचे करार अडतात, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून क्लच कशाने झिजतो हा प्रश्न केवळ मिस्त्रीच्या जिज्ञासेचा नसून शेतकऱ्याच्या संसाराचा आहे.

एकाच बनावटीचे, एकाच वर्षी घेतलेले दोन ट्रॅक्टर एकाच गावात असतात. एकाचा क्लच वर्षानुवर्षे चालतो, तर दुसऱ्याचा दर हंगामाला बदलावा लागतो. दोष बहुधा ‘कंपनीच्या मालाला’ किंवा ‘नकली प्लेटीला’ दिला जातो. नकली माल बाजारात असतो हे खरे. पण पुष्कळदा खरी कारणे दोनच असतात. एक, इंजिनाची मूळ जोडणी बदलून त्याचा जोर वाढविलेला असणे. दुसरे, चालकाचा डावा पाय.

क्लच झिजतो म्हणजे काय होते

इंजिनाच्या मागील बाजूस फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्यामागे प्रेशर प्लेट असते, आणि या दोहोंच्या मध्ये, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचप्लेट असते. प्रेशर प्लेटीच्या स्प्रिंगा या क्लचप्लेटीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात, त्यामुळे इंजिनाचा फिरता जोर गिअरपेटीकडे जातो. पेडल दाबले की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते.

पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजण्यास अडचण पडू नये. पट्टा ताणलेला असून पुलीबरोबर बिनघोर फिरत असतो तोवर तो तापत नाही व फारसा झिजतही नाही. जात्यावर भार अधिक आला किंवा पट्टा सैल पडला म्हणजे तो पुलीवर घसरू लागतो; मग जळका वास येतो आणि थोड्याच वेळात पट्टा खराब होतो. क्लचचेही तसेच आहे. पूर्ण बसलेला क्लच दिवसभर चालला तरी त्याचे अस्तर जवळजवळ झिजत नाही. झीज होते ती फक्त घसरणीच्या वेळी, म्हणजे फ्लायव्हील एका गतीने आणि प्लेट दुसऱ्या गतीने फिरत असताना. क्लचचे आयुष्य त्यामुळे वर्षांत मोजण्यापेक्षा घसरणीच्या क्षणांत मोजणे अधिक योग्य होईल.

घसरणीतून उष्णता किती निर्माण होते याची कल्पना पुष्कळांना नसते. ५० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देत असेल, तर त्याच्या पिळाचा जोर, ज्याला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात, सुमारे १७६ न्यूटन-मीटर भरतो. इंजिनाची गती भाराखाली उतरली म्हणजे हा टॉर्क काहीसा वाढतो; तो २०० धरू. अशा इंजिनाचा क्लच मिनिटाला केवळ १०० फेऱ्यांनी घसरत असला, तरी त्या घसरणीत सुमारे दोन किलोवॅट शक्ती उष्णतेत जाते. पाणी तापविण्याच्या, एकेक हजार वॅटच्या दोन विजेच्या कांड्या बंद डब्यात पेटवून ठेवाव्यात तसा हा प्रकार होय. शंभर फेऱ्यांची घसरण चालकाच्या ध्यानातही येत नाही. ट्रॅक्टर चालत असतो, ऊस पुढे जात असतो, आणि आत प्लेट भाजत असते.

सेंद्रिय अस्तराची घर्षणशक्ती उष्णता फार वाढली म्हणजे उतरते. घर्षण कमी झाले की घसरण वाढते, घसरण वाढली की उष्णता आणखी वाढते. एकदा हे चक्र सुरू झाले म्हणजे प्लेट काही खेपांतच जळून जाते. ‘कालपर्यंत चांगला होता’ असे जे सांगण्यात येते ते खोटे नसते.

पंप वाढविणे आणि रीमॅपिंग

इंजिनाचा जोर वाढविण्याची प्रथा नवी नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत डिझेल पंपावर जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा ठरविणारा एक स्क्रू असतो, तसाच इंजिनाची कमाल गती ठरविणारा दुसरा असतो. कारखान्यातून येताना हे जोडणीचे भाग मोहोरबंद केलेले असतात. ते शिक्के तोडून स्क्रू फिरविला की प्रत्येक फेरीला अधिक डिझेल इंजिनात जाते. यालाच खेड्यात ‘पंप वाढवून घेणे’ म्हणतात.

नव्या यंत्रांत हेच काम निराळ्या मार्गाने होते. १ जानेवारी २०२३ पासून सुमारे ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराच्या प्रदूषणाविषयीची ट्रेम-४ ही अधिक कडक मानके लागू झाली, आणि या वर्गातील पुष्कळ नमुन्यांत कॉमन रेल पद्धतीची इंधनव्यवस्था आली. तिच्यात स्क्रू नाही. इंजिनाची गती किती, ॲक्सिलरेटर किती दाबला, हवा किती आली हे पाहून किती डिझेल केव्हा सोडावयाचे याचे कोष्टक एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात साठविलेले असते. या कोष्टकालाच मॅप म्हणतात, आणि ते बदलून टाकणे म्हणजे रीमॅपिंग. संगणक जोडून थोड्या वेळात हे काम करून देणारे लोक आता लहान शहरांतही पोहोचले आहेत. स्क्रू गेला व संगणक आला, तरी शेतकऱ्याला दिलेले आश्वासन मात्र पूर्वीचेच आहे: ‘चढाला गिअर पाडावा लागणार नाही.’

येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. क्लचवर जो ताण येतो तो अश्वशक्तीचा नसून टॉर्कचा. कमाल गती वाढवून शक्ती वाढविली असेल आणि टॉर्क तेवढाच राहिला असेल, तर पूर्ण बसलेल्या क्लचवर जादा ताण पडत नाही. मात्र अधिक गतीवर क्लच सोडला गेल्याने प्रत्येक सुरुवातीची घसरण वाढते. उलट डिझेल वाढवून कमी गतीवरचा टॉर्क वाढविला असेल, आणि टर्बो असलेल्या इंजिनात तो सहज वाढतो, तर क्लचला तो सरळ पेलावा लागतो. ओढकामासाठी लोकांना हवा असतो तो हाच टॉर्क. म्हणजे ज्या बदलाने ट्रॅक्टर ‘ताकदवान’ भासतो, नेमका तोच बदल क्लचच्या मुळावर येतो.

राखीव जोराचा हिशेब

कोणताही उत्पादक क्लच घडविताना इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा त्याची पेलण्याची शक्ती बरीच अधिक ठेवतो. हा राखीव जोर चैनीसाठी नसतो. अस्तर झिजल्यावर, तापल्यावर, स्प्रिंगा जुन्या झाल्यावरही क्लचने धरून राहावे म्हणून तो असतो. उदाहरणादाखल आकडे घेऊन हिशेब करू.

इंजिनाचा कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे आणि नवा क्लच त्याच्या १.६ पट, म्हणजे ३२० पर्यंत धरू शकतो असे समजा. गुंडाळीच्या स्प्रिंगा असलेल्या क्लचमध्ये अस्तर पातळ होत जाते तसतशा स्प्रिंगा पसरतात व त्यांचा दाब उतरतो. तो १५ टक्क्यांनी उतरला असे धरल्यास क्लचची शक्ती २७२ राहते. त्यातच लांबच्या खेपेत अस्तर तापून घर्षण चौथ्या हिश्शाने घटले, तर उरतात २०४. इंजिनाचे २०० अजूनही पेलले जातात. जेमतेम, पण पेलले जातात. मूळ जोडणीतला क्लच अर्धा झिजलेला व तापलेला असतानाही काम करतो तो या हिशेबामुळे.

आता त्याच इंजिनाचा टॉर्क वीस टक्क्यांनी वाढवून २४० केला असे पाहा. नव्या, थंड क्लचचे ३२० त्याला पुरेसे आहेत. अर्धवट झिजलेल्या थंड क्लचचे २७२ देखील पुरतात. म्हणून पंप वाढविल्यावर पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही, आणि वाढवून देणाऱ्याची कीर्ती गावात पसरते. परंतु झिजलेला क्लच तापला की त्याच्याकडे २०४ असतात व इंजिन २४० मागते. त्या क्षणी घसरणीचे चक्र सुरू होते. एरवी अस्तराच्या रिव्हेटपर्यंत चालली असती ती प्लेट निम्मे अस्तर शिल्लक असतानाच जळते. हा हिशेब पंप वाढविणारा सांगत नाही. कदाचित त्याला तो कोणी विचारीतही नाही.

यावर तोडगा म्हणून सिरॅमिक गोळ्यांची किंवा अधिक कडक स्प्रिंगांची प्लेट बसविण्याचा सल्ला देण्यात येतो. सिरॅमिक व धातुमिश्रित अस्तर अधिक उष्णता सहन करते हे निर्विवाद आहे, आणि काही ट्रॅक्टरांत उत्पादकच ते बसवून देतात. पण मूळ सेंद्रिय अस्तराच्या जागी ते घातले म्हणजे क्लच झटक्याने धरतो, हळुवार सुरुवात करणे कठीण जाते, आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेटीचे पृष्ठभाग लवकर झिजतात. कडक स्प्रिंगांनी पेडल जड होते व रिलीज बेअरिंगवरचा भार वाढतो. आणखी एक गोष्ट आहे. घसरणारा क्लच हा एका परीने संरक्षक असतो. भार अनावर झाला म्हणजे तो घसरतो आणि झटका पुढे जाऊ देत नाही. तो घसरेनासा केला की तोच झटका गिअरचे दाते, डिफरन्शियल आणि ॲक्सल यांवर जातो. प्लेट वाचली व गिअरपेटी फुटली, तर शेतकऱ्याने काय कमावले?

कायद्याची बाजूही आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरबदल वाहनात करण्यास मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मनाई करते. शिक्का तुटलेला किंवा मॅप बदललेला आढळल्यास हमीचा दावाही सहसा नाकारला जातो. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात आणि त्यांच्या अहवालांत कमाल शक्ती, टॉर्क, इंधनाचा खप हे सर्व नमूद असते. ट्रॅक्टर घेताना हा अहवाल पाहणारा शेतकरी सुज्ञच म्हणावा लागेल. परंतु पंप वाढविल्यानंतर तो अहवाल त्याच्या ट्रॅक्टरचा राहत नाही.

चालकाचा पाय

इंजिन मूळ जोडणीवर आहे एवढ्याने क्लच वाचतोच असे नाही. वाढविलेल्या इंजिनाचा ट्रॅक्टर सावध चालकाच्या हाती बराच काळ टिकल्याचे, आणि मूळ जोडणीचा ट्रॅक्टर हयगयीने एका हंगामात क्लच खाल्ल्याचेही दिसून येते. ही हयगय बहुतेक दोन-तीन प्रसंगी घडते.

पहिला प्रसंग भरलेली ट्रॉली जागची हलविण्याचा. ट्रॅक्टर, ट्रॉली व ऊस मिळून १२ टन भार आहे असे समजू. तो ताशी ३ किलोमीटरच्या गिअरमध्ये उठविला, तर त्याला मिळणारी गतिजन्य ऊर्जा सुमारे ४ किलोज्यूल असते. तोच भार ताशी १२ किलोमीटरच्या गिअरमध्ये उठविला तर ती सुमारे ६७ किलोज्यूल होते. गती चौपट, ऊर्जा सोळापट. यंत्रशास्त्राचा नियम असा की क्लच घसरवून भार उठविताना जेवढी ऊर्जा भाराला मिळते, निदान तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ६७ किलोज्यूल म्हणजे पेलाभर, २०० मिलिलिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. आणि ती एका सुरुवातीची. कच्च्या पाणंदीवर चाकांना होणारा विरोध हिशेबात घेतला तर उंच गिअरमधील नुकसान याहूनही वाढते. कारण उंच गिअरमध्ये तोच विरोध क्लचला अधिक जड पडतो आणि इंजिनाचा पुष्कळसा टॉर्क भाराला गती देण्याऐवजी त्यातच खर्ची पडतो.

वाढविलेल्या इंजिनाचा आणि या सवयीचा संबंध येथे जुळतो. मूळ जोडणीचे इंजिन उंच गिअरमध्ये भार उचलू शकत नाही. ते बंद पडते, आणि चालक निमूटपणे खालचा गिअर टाकतो. वाढविलेले इंजिन बंद पडत नाही. म्हणून चालक तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्येच ट्रॅक्टर उठवू लागतो आणि ‘इंजिन उचलते’ याचे त्याला समाधान वाटते. उचलते ते इंजिन, भाजते ती प्लेट. टॉर्कच्या वाढीने प्रत्यक्ष जेवढे नुकसान होते, जवळपास तेवढेच तिच्यामुळे लागलेल्या या खोडीने होत असावे.

दुसरा प्रसंग कारखान्यावरच्या रांगेचा. वजनकाट्यापुढे व गव्हाणीपुढे ट्रॅक्टरांची ओळ हातहातभर पुढे सरकते. चालक गिअर टाकून, अर्धा क्लच धरून बसतो. किंचित चढ असला म्हणजे ब्रेक लावण्याऐवजी अर्ध्या क्लचवरच भरलेली ट्रॉली तोलून धरण्याचे कसबही काहींना साधलेले असते आणि पाहणारे त्याचे कौतुक करतात. या कौतुकाची किंमत अशी: इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर असून क्लचमधून १०० न्यूटन-मीटर टॉर्क जात असेल, तर उभ्या ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये साडेबारा किलोवॅट उष्णता निर्माण होते. अर्ध्या मिनिटात पाच पेले पाणी उकळावे एवढी. रांगेत थांबताना गिअर मोकळा करावा, हातब्रेक लावावा आणि पाय पेडलवरून काढून फळीवर ठेवावा. पुढे सरकावयाचे तेव्हा सर्वांत खालच्या गिअरमध्ये, कमी गतीवर क्लच पूर्ण सोडून सरकावे.

पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय ही तिसरी, आणि सर्वांत बिनबोभाट. पेडलला सुरुवातीस थोडी मोकळी चाल दिलेली असते. बहुतेक नमुन्यांत ती दोन ते चार सेंटिमीटरच्या दरम्यान असते व नेमका आकडा पुस्तिकेत छापलेला असतो. बुटासकट पायाचे ओझे पेडलवर पडले की ही चाल नाहीशी होते. रिलीज बेअरिंग सतत फिरत राहते, आणि प्रेशर प्लेटीचा दाब अंशतः उचलला जातो. ज्या क्लचचा राखीव जोर पंप वाढवून अगोदरच खर्च झाला आहे, त्याला एवढे निमित्त पुरते.

भातखाचरात चिखलणी करताना बांधाशी वळण घेण्यासाठी क्लचचा फार वापर होतो. तेथे गती कमी करावयाची ती ॲक्सिलरेटरने करावी. वळणावर अर्ध्या क्लचने रेंगाळू नये. चिखलणीच्या आधी क्लचच्या घराखालील भोकाचे झाकण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बसवावे, आणि काम संपताच ते न विसरता काढावे. ते तसेच राहिल्यास गळणारे तेल बाहेर न पडता आतच साचते व प्लेटीला लागते. तेलाने भिजलेली प्लेट जळलेल्या प्लेटीसारखीच घसरते; ती मूळ गळती बंद केल्यावाचून बदलणे म्हणजे नवीही वाया घालविणे होय. रोटाव्हेटर चालवितानाही पी. टी. ओ. सुरू करावयाचा तो इंजिनाची गती उतरवून. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल अर्धे दाबल्यास ट्रॅक्टर थांबतो व पूर्ण दाबल्यास पी. टी. ओ. थांबतो, हा फरक नव्या चालकाला कोणी सांगितलेलाच नसतो असे पुष्कळदा आढळते.

कमी गतीवर इंजिन दमवीत उंच गिअरमध्ये चढ काढणे हेही क्लचला मानवत नाही. तेथे घसरण झाली नाही तरी इंजिनाचे हादरे मोठे असतात, आणि ते झेलणाऱ्या क्लचप्लेटीच्या मधल्या स्प्रिंगा तुटतात. टॉर्क वाढविलेल्या इंजिनात हे हादरे अधिकच जबर होतात.

जिवाशी गाठ

येथवर सांगितले ते पैशाचे नुकसान झाले. दोन सवयी अशा आहेत की त्यांत जीव जातो.

उतारावर डिझेल वाचविण्याच्या समजुतीने काही चालक क्लच दाबून किंवा गिअर मोकळा करून ट्रॅक्टर सोडून देतात. यात इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि दहा टनांचा भार मागून ढकलीत असताना सारे काही ब्रेकवर येते. गिअर खालचा असून क्लच दाबलेला असेल तर धोका दुहेरी असतो. चाके गिअरपेटीतून क्लचप्लेटीला उलट फिरवितात आणि तिची गती इंजिनाच्या कमाल गतीच्याही पलीकडे जाते. अशा अतिवेगाने अस्तर फुटून त्याचे तुकडे उडतात. मग उताराच्या मध्यावर क्लच सोडला तरी इंजिन ट्रॅक्टरला धरू शकत नाही. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, पाय क्लचवरून दूर ठेवावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

दुसरी सवय चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना इंजिन वाढवून क्लच एकदम सोडण्याची. मागची चाके रुतलेली असतील, तर फिरण्यास जागा न मिळालेला टॉर्क ट्रॅक्टरचे पुढचे अंग वर उचलतो. ट्रॅक्टर मागे उलटण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. चालकाला क्लच दाबण्यास अवधी मिळत नाही. इंजिनाचा जोर वाढविलेला असला म्हणजे ही वेळ आणखी सहज येते. रुतलेली ट्रॉली थोडी रिकामी करावी, चाकांपुढची माती काढावी, ओढ नेहमी खालच्या हुकाला द्यावी आणि क्लच हळूहळू सोडावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय पाहावे

खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाला नुसता उपदेश करून फारसे निष्पन्न होत नाही. त्याला घाई असते आणि ती घाई बहुधा मालकानेच लावलेली असते. म्हणून मालक व चालक दोघांना एकत्र बसवून ट्रॅक्टरपाशीच बोलणे अधिक परिणामकारक ठरते. उघडलेला क्लच गावात कोठे असेल तर ती संधी दवडू नये. फ्लायव्हीलवर उमटलेले निळसर डाग, केसाएवढ्या चिरा, काचेसारखे चकाकणारे जळके अस्तर, ही सर्व घसरणीची अक्षरे आहेत आणि ती दाखविल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

क्लच घसरू लागल्याची खूण अशी की चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण ट्रॅक्टरची गती चढत नाही, आणि जळका वास येतो. खात्री करावयाची असल्यास मोकळ्या सपाट जागी, पुढे-मागे कोणी नसताना, ब्रेक घट्ट लावून उंच गिअर टाकावा, इंजिन मध्यम गतीवर ठेवावे आणि क्लच सावकाश पण पूर्ण सोडावा. क्लच चांगला असल्यास इंजिन बंद पडते. ते चालूच राहिल्यास लगेच पेडल दाबावे. क्लच घसरतो आहे हे उघड झाले. ही परीक्षा एकदाच करावी. गंमत म्हणून चारदा केली तर चांगला क्लचही परीक्षेतच खर्च होईल.

पंप वाढविलेला असेल तर हंगाम सुरू होण्यापूर्वी, सप्टेंबरातच, तो अधिकृत कार्यशाळेत मूळ जोडणीवर आणून घ्यावा आणि मॅप बदललेला असल्यास मूळ मॅप परत भरून घ्यावा. चढाला जोर कमी पडतो अशी तक्रार असेल, तर आधी हवेची जाळी, डिझेलची गाळणी, इंजेक्टर आणि टायरची हवा तपासावी. यांतील एखाद्या दोषाने मूळ शक्ती घटलेली असते आणि तिची भरपाई पंप वाढवून केलेली असते असे अनेकदा निघते. तरीही जोर अपुरा असेल तर भार यंत्रापेक्षा जास्त आहे असे समजावे. खेपेचा ऊस कमी करणे किंवा मोठा ट्रॅक्टर लावणे, एवढेच दोन मार्ग मग उरतात.

नवी प्लेट बसविताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, प्रेशर प्लेटीच्या फिंगरांची सारखी उंची, रिलीज बेअरिंग आणि मागील ऑइल सील ही एकाच वेळी तपासून घ्यावीत, कारण ट्रॅक्टर पुन्हा उघडणे स्वस्त नाही. अस्तर नीट बसेपर्यंत पहिले काही दिवस हलके काम द्यावे. पेडलची मोकळी चाल दर आठवड्याला मोजावी. अस्तर झिजते तशी ती कमी होत जाते. आणि ज्या दिवशी प्लेट बदलली त्या दिवसाची तारीख, तास-मीटरवरील आकडा, चालक कोण होता व काम कोणते चालले होते, हे पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवावे. अशा दोन-तीन नोंदी झाल्या म्हणजे क्लच कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या पायाखाली जातो ते मालकाला त्या पानावरूनच कळेल.